बाईंची खुर्ची

“कुठे बसायला आवडेल तुम्हाला?” समुपदेशक बाईंनी विचारलं. आलेल्या माणसाला आधी निवड द्यायची, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाई ती अगदी मनापासून देत. आणि मग येणारा प्रत्येकजण मुकाट्याने दाराकडे पाठ असलेल्या मऊ खुर्चीत बसत असे.

बस ड्रायव्हरने खोलीभर नजर फिरवली, टेबलाला वळसा घातला आणि तो थेट बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला.

“अरे, ती मॅडमची आहे!” दारातून त्याच्या ताईने कपाळावर हात मारला. अपघातानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि याआधी उपचारांच्या दोन ठिकाणांहून तो पहिल्याच दिवशी पळाला होता. म्हणून आज ताई चपलांऐवजी धावायचे बूट घालून आली होती. “आज टिकला तर गंगेत घोडं न्हालं,” ती पुटपुटली.

“बसू द्या त्यांना,” बाई म्हणाल्या. विचारलं आपणच, आता तक्रार कुठल्या तोंडाने करणार? ताईला बाहेर बाकावर बसवून, दार लोटून त्या मऊ खुर्चीत टेकल्या. खुर्चीने त्यांना जवळपास गिळलंच. गुडघे हनुवटीला भिडायचे तेवढे राहिले.

बाहेर कोणीतरी खोकलं. बाईंनी वळून पाहिलं. बादली आपटली, पुन्हा वळून पाहिलं.

“मान लचकेल, मॅडम,” ड्रायव्हर म्हणाला.

“लचकलीच. आणि धडधडतंयही थोडं. मागून कोण येतंय कळतच नाही हो!”

“अस्सं. कधीपासून होतंय हे?” त्याने अगदी बाईंच्याच सुरात विचारलं.

बाईंना हसू फुटलं. इतकी माणसं त्यांनी या खुर्चीत बसवली होती, पण स्वतः एकदाही बसून पाहिलं नव्हतं. लाज वाटत होती, तरी हसू थांबेना. मग ड्रायव्हरही हसला आणि उठून उभा राहिला. बाईंची मान पुन्हा दाराकडे वळली. निघाला वाटतं!

“उठा जरा,” तो म्हणाला. त्याने मऊ खुर्ची ओढत नेऊन भिंतीला टेकवली. “आता दोघांनाही दार दिसेल.”

मग त्याने दार उघडून बाहेर डोकावलं. ताई बाकावर बसल्या बसल्या घोरत होती. बुटांच्या नाड्या तिने सोडून ठेवल्या होत्या.

“वेळ संपली का, मॅडम?”

“नाही अजून.”

“मग झोपू दे तिला.” दार लोटून तो आत आला, मऊ खुर्चीत बसला आणि त्याने भिंतीला पाठ टेकली.

“ट्रक मागून आला होता,” तो म्हणाला.