रुपेरी राखेची तहान

"गुप्तहेरपटाचं शीर्षकगीत म्हणजे आपल्या साम्राज्याचं उरलेलं शेवटचं शस्त्र आहे," असं संगीतकार लायोनेल पेंबरीनं जाहीर केलं, आणि तेवढ्यात चहात बुडवलेलं त्याचं बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं. या गुप्तहेरपटांच्या मालिकेतल्या मागच्या दोन्ही चित्रपटांत निर्मातीनं त्याला डावललं होतं. लंडनच्या या स्टुडिओत आज बहुधा शेवटची संधी होती.

"सर, 'रुपेरी राखेला तहान लागते' म्हणजे काय हो?" गायिका ग्वेनेथनं विचारलं.

"अर्थ साबणाच्या जाहिरातीत असतो, बाई. इथे चित्रपटाचं नाव घ्यायचं आणि छाती फुटेस्तोवर ताणायचं. याच गाण्यासाठी माझ्याशी स्पर्धा करणारा पलीकडच्या खोलीतला तो छोकरा गिटार घेऊन कुजबुजतोय. गुप्तहेराचं गाणं म्हणे. दाढ दुखल्यासारखं वाटतं."

ग्वेनेथ गायली. ट्रम्पेट किंचाळले. निर्माती हॅरिएट डोळे मिटून ऐकत राहिली.

"लायोनेल, तुझं गाणं घेतेय," ती म्हणाली.

लायोनेलनं पलीकडच्या खोलीकडे बुटाला लागलेल्या चिखलाकडे पाहावं तसं पाहिलं.

"खरं सांगू?" हॅरिएट म्हणाली. "त्याचं गाणं तुझ्या गाण्यापेक्षा सरस आहे, पण फार लवकर संपतं. चित्रपटाच्या सुरुवातीचा पाठलाग कुणी चुकवत नाही आणि गाणं संपलं की गोष्ट सुरू होते. थिएटरात लोकांना बाथरूमला जाऊन यायला तेवढाच वेळ मिळतो रे." हॅरिएटनं कोट चढवला. "एक कडवं वाढवशील का? बायकांची रांग मोठी असते."