पूर्वजांची प्रत

"माझ्या आईच्या भुताखेतांच्या गोष्टी बाजारात विकतेस? तुझ्या त्या कार्यक्रमाला मी पाऊल ठेवणार नाही!" बाबांनी बजावलं होतं.

आमच्या ओयो शहराच्या चौकात माझ्या पहिल्या कादंबरीचं वाचन रंगात आलं आणि अचानक ढोल कडाडले. एगुंगुन आले! रंगीबेरंगी कापडांनी नखशिखांत झाकलेले आमचे पूर्वज! आम्ही बायका गुडघ्यांवर बसलो. त्यांतले एक नेमके माझ्यासमोर थांबले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अयोका, कासव मेलेल्यांच्या बाजारात हरवतं ना, ते वाच!"

मी वाचलं. ते गरागरा गिरक्या घेत नाचले आणि पुस्तक कापडात घालून निघून गेले. मग काय, उरलेल्या प्रती हातोहात संपल्या!

घरी बाबा घुश्शातच बसले होते.

"कोणी आलं होतं का?"

"पूर्वज आले होते, बाबा!"

"आवडलं त्यांना?"

"चौकभर नाचले!"

बाबांनी पाय लांब केले. मी गरम पाणी आणलं आणि त्यांचे सुजलेले गुडघे शेकायला बसले. एगुंगुनच्या कापडाआड कोण आहे, हे आमच्यात बायकांनी ओळखायचं नसतं.