भिंतीवरचा धाकटा

तीनशेबाराव्या भागात मला गोळी लागली आणि मी जागीच मेलो. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा सेटवर गेलो आणि जेवणाच्या टेबलापाशी माझ्या खुर्चीत बसलो.

मालिकेतलं आमचं कुटुंब खंडणी उकळतं, माणसं गायब करतं, पण जेवायला एकत्रच बसतं. मी धाकटा मुलगा. मला संवाद नाहीत, फक्त आमटी आहे. एरवी माझ्या भाड्याच्या खोलीवर डबा येतो, तो मी एकटाच भिंतीकडे तोंड करून खातो.

"तू काल मेलास ना रे?" मालिकेतल्या आईनं विचारलं.

"हो. म्हटलं, जेवून जावं."

कॅमेरा बंद होता, तरी तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "सावकाश खा, ठसका लागेल." तेवढ्यात सहायक दिग्दर्शकानं मला उठवलं आणि समोरच्या भिंतीवर माझा हार घातलेला फोटो टांगला.

मी तिथेच अर्ज लिहिला: "माननीय निर्माते, फोटोऐवजी सदर मयतास भिंतीपाशी प्रत्यक्ष उभं राहण्याची परवानगी मिळावी. हार मयत स्वखर्चानं आणेल. मयत हलणार नाही. आई वाढत असताना पापणी लवल्यास क्षमा असावी, ही नम्र विनंती."