पसंती

ज्याच्या नुसत्या नावाने मुरबाडात लोक वाट सोडत, त्या कुंडलिकशेठने लाडक्या लेकासाठी, मितेशसाठी डोळखांबला मुलगी मागताना जन्मात पहिल्यांदा हात जोडले. मुलीच्या बापाने थरथरतच होकार दिला. ते पाहून मितेशला कसंसंच झालं. पडवीत ती मुलगी, नम्रता, एकटी दिसताच त्याने विचारलं, "तुला खरंच पसंत हाय ना?"

"तुमच्या बाबांना नाय म्हणून आमी ऱ्हायाचं कुठं?"

"मग कॉलेजात माझ्याशी हसून बोलायचीस, ते?"

"तेपण भीतीनंच."

मितेशची मान खाली गेली. तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली. बाहेर कुंडलिकशेठ खुशीत पेढ्यांचा पुडा सोडत होता. मितेश म्हणाला, "चला बाबा. मलाच मुलगी पसंत नाय."