निळी खूण

आयझॅक मेंढ्या घेऊन आला, तेव्हा पबच्या मागच्या अंगणातलं बोलणं एकदम तुटलं. आयझॅककडे मेंढ्या नव्हत्याच. वर्षापूर्वी त्याने सगळा कळप विकून टाकला, हे उत्तर इंग्लंडातल्या कंब्रियाच्या त्या डोंगरखोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

तोंड आधी जॉसने उघडलं. "काय आयझॅकराव, या न्यूझीलंडहून पोहत आल्या की काय?"

अंगण हसलं, पण ते हसू कडवट होतं. दिवसभर तिथे तोच विषय चालला होता. युरोपीय संघातून बाहेर पडलो की जगाचा बाजार आपल्याला खुला होईल, असं लंडनवाल्यांनी सांगितलं होतं. बाजार खुला झाला, पण उलट्या बाजूने. अर्धं जग ओलांडून आलेलं मटण इथल्या दुकानात दिसायचं, आणि इथली मेंढी फ्रान्सला धाडायची तर कागदांचा भारा मेंढीहून जड व्हायचा. "करार केलेत म्हणे! मान आपली, सुरी त्यांची. झाला करार!" असं जॉस नुकताच म्हणाला होता. आणि बाहेर पडा म्हणणारा सगळ्यात मोठा फलक ज्याने आपल्या बांधावर उभा केला होता, तो आयझॅकच.

भिंतीपाशी हॅना मटण-बटाट्याच्या कालवणाची वाटी घेऊन उभी होती. ती आयझॅकची धाकटी बहीण, खिंडीपलीकडच्या घरात दिलेली. बाहेर पडायचं की नाही याच्या मतदानाच्या वर्षी त्याच्याच घरी जेवताना ती म्हणाली होती, "दादा, आपलं मटण खाणारा तिकडेच बसलाय. त्याच्याच तोंडावर दार लावतोस?" दादा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

पुढे दूरदेशांशी करारांमागून करार झाले. मीच मागितलं, मीच भोगीन, असं म्हणून आयझॅकने कळप बाजारात उभा केला. तेव्हा हॅनाने लांबच्या एका व्यापाऱ्याला पुढे करून त्यातल्या चांगल्या मेंढ्या गुपचूप घेतल्या आणि त्यांच्या लोकरीवर आपल्या मालकीची निळी खूण घातली. दया म्हणून नव्हे. तिथल्या डोंगरांवर कुंपण नाही. कोकरू आईमागे हिंडत हिंडत आपल्या डोंगराची हद्द शिकतं. आईला तिच्या आईने शिकवलेली असते. कळप मोडला की ती शिकवण कुठल्याच बाजारात मिळत नाही.

हिवाळा सरता सरता त्या मेंढ्या खिंड ओलांडून नाहीशा झाल्या. पोटात कोकरं होती. कुठे गेल्या असतील, हे हॅनाला त्याच सकाळी उमगलं. ती शोधायला गेली नाही. आपल्या घरी गेल्या, बरं झालं, असं ती मनाशी म्हणाली. आता दादाने फक्त गप्प बसावं.

आणि दादा आज त्यांना परत करायला घेऊन आला होता.

आज पबच्या अंगणात मेंढपाळांचा शरदातला मेळावा होता, आणि त्याची रीत साऱ्यांना माहीत होती. सापडलेली परकी मेंढी इथे आणायची. म्हातारा एडविन तिची खूण पुकारणार, मालकाने 'माझी' म्हणायचं. तीनदा पुकारूनही कुणी 'माझी' म्हटलं नाही, तर ज्याने सांभाळली त्याची.

ट्रेलरची फळी पडली. मेंढ्या उतरल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. मागून थोराड झालेली कोकरं आली. कोकरांच्या खांद्यावरही निळी खूण होती. कशीतरी फासलेली नव्हे, निगुतीने, सरळ रेघेत ओढलेली.

आयझॅक टोपी हातात घेऊन तिच्यापाशी आला. "तुझ्याच आहेत. कोकरंही तुझीच. एक बर्फात गेलं. बाकीची जगवली."

"आधीच का नाही आलास?"

"काय तोंड घेऊन येऊ?" तो मेंढ्यांकडेच बघत राहिला. "डोंगर नुसता भकास पडला होता गं. एका सकाळी दार उघडलं, तर या सगळ्या अंगणात. मला वाटलं…" तो थांबला. "जाऊ दे. खरं तूच बोलली होतीस. ने त्यांना."

त्याच्या नखांत निळा रंग होता.

"निळा पट्टा, डाव्या खांद्यावर!" एडविनने पुकारलं. "कुणाच्या?"

हॅनाने कालवणाचा चमचा तोंडात घातला.

"अगं, बोल ना," आयझॅक कुजबुजला.

"तोंडात घास आहे, दादा. तुझ्यासारखं जेवता जेवता उठायची सवय नाही मला."

"निळा पट्टा, डाव्या खांद्यावर!" एडविन आता थेट तिच्याकडेच बघत होता. "कुणाच्या?"

"चष्मा घरी राहिलाय," हॅना म्हणाली. "इथून निळा की काळा, काही कळत नाही मला."

आयझॅक गर्रकन लोकांकडे वळला. "अरे, तुम्ही तरी सांगा! हिचीच खूण आहे ही!"

कुणी बिअरच्या ग्लासात बघू लागला, कुणी आभाळात. मग सगळ्यांच्या नजरा जॉसवर गेल्या, कारण त्याची जीभ कधी तोंडात राहिली नव्हती. जॉसने ग्लास खाली ठेवला. तो मेंढ्यांपाशी गेला, वाकला, एका कोकराच्या खांद्यावरचा निळा पट्टा अंगठ्याने चोळून पाहिला.

"निळा पट्टा, डाव्या खांद्यावर!" एडविनने तिसऱ्यांदा पुकारलं. "कुणाच्या?"

"जन्मात नाही पाहिली ही खूण," हॅनाच्या बांधाला बांध लावून जन्म काढलेला जॉस म्हणाला.