आत्याची हळद

सावद्याच्या स्टुडिओत तेजस लग्नाचा व्हिडिओ कापत बसला होता. बाहेर केळीचे ट्रक भरत होते. तेवढ्यात नवरीच्या भावाचा, नवीनचा फोन आला.

"तेजसभाऊ, द्रौपदाआत्या हळद लावते ना, तेवढं काढून टाका. विधवा बाई हळदीत दिसली, तर लोक नावं ठेवतील."

"अरे, तुम्हा भावंडांना त्यांनीच वाढवलं ना?"

"म्हणून तर तिथं अडवता आलं नाही. आता तुम्हीच कापा."

आत्या पुढे येते तिथे तेजसने क्लिप तोडली, ती मागे सरते तिथे पुन्हा तोडली आणि मधला तुकडा उडवला. चालवून पाहिलं. आत्या कुठेच नव्हती. पण पुढच्या तुकड्यात नवरीने डोळे मिटून गाल पुढे केला, आणि कुणाचाही हात नसताना त्यावर चार पिवळी बोटं उमटली.

त्याने तोही तुकडा काढला. बोटं त्याच्या पुढच्या तुकड्यात आली. शेवटी चिडून त्याने सगळी हळदच पुसली.

स्क्रीन काळी झाली. तिच्यात तेजसला स्वतःचा चेहरा दिसला. गालावर चार पिवळी बोटं होती.

त्याने दचकून गाल चाचपला. गाल कोरडा होता.

काचेत मात्र ती बोटं मायेने, सावकाश, गळ्याकडे सरकत होती.