चार बोटं हद्द

केस वाळवायच्या टोपाखाली कान तापले आणि हिसानोला निखारे आठवले.

खानावळीतलं शेवटचं वांगं शेगडीवरून उचललं, बोटं पोळली, फुंकर मारली. इथवर सगळं लख्ख आठवत होतं. त्यानंतर एकदम दाराला कुलूप. मधलं काहीच नाही. निखारे चिमट्याने उचलायचे, मडक्यात टाकायचे, वर झाकण घालायचं; हवा तुटली की ते आपोआप विझतात. चाळीस वर्षांचा रोजचा शिरस्ता. आज तो पाळला होता का?

ती उठलीच.

"अहो काकू, डोक्यात रोलर आहेत," पार्लरवाली म्हणाली. तोवर काकू रस्त्यावर होत्या.

त्रेसष्ट वर्षांची बाई धावून धावून किती धावणार? शिजोच्या पुलावर तिला धाप लागली. नदीपलीकडे तिच्या गल्लीची, पोन्तोचोची, मागची बाजू दिसत होती, घराला घर चिकटलेलं, सगळं लाकूड. तिने धूर शोधला. धूर दिसला नाही, पण त्याने धीर आला नाही. आग आधी आतून खाते, बाहेर मग दिसते.

आणि खरं सांगायचं तर भीती नुसत्या आगीची नव्हती. गेल्या वर्षी गल्लीच्या टोकाचे कावाबे-सान गॅसवर भांडं विसरले होते. एक भांडं जळलं, बाकी काही नाही. तरी गल्लीच्या बैठकीत सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं ते हिसानोने. "हात थरथरले तर चालतं. डोकं साथ देईना झालं, की माणसाने आपणहून दुकान बंद करावं. एकाच्या विसरण्यापायी सगळ्या गल्लीने का जळायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरात कावाबे-सान मुलीकडे राहायला गेले. जाताना ते हिसानोला वाकून नमस्कार करून गेले, हे तिला आत्ता नको असताना आठवलं.

गल्लीत समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं. त्यात फिरायला आलेल्यांची झुंबड. दुपारचे साडेतीन, कंदील लागायचे होते, पण न लागलेल्या कंदिलांचेही फोटो चालले होते. "आजी, आमचा एक फोटो काढता का?" एका मुलीने फोन पुढे केला. हिसानोने तिला कोपराने बाजूला सारलं. मागून कुणीतरी आजींच्याच रोलरचा फोटो काढला.

दाराशी पाण्याने भरलेली लाल बादली होती. गल्लीत प्रत्येक दाराशी एक असतेच, आगीसाठी. शेजारच्या योशिएची बादली नेहमीसारखी चार बोटं हद्दीच्या आत सरकली होती. त्या चार बोटांवरून दोघी सत्तावीस वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. एरवी हिसानोने ती पायाने मागे लोटली असती. आज तिचं लक्ष कुलपावर होतं. कुलूप उघडं होतं.

म्हणजे कुलूप लावल्याचं आठवत होतं तेही खोटं.

आत अंधार होता आणि करपट वास. वांग्याच्या सालांचा असेल. तिने शेगडीत हात घातला. गार. निखारे नव्हते. मडक्यावर झाकण होतं, आणि झाकण अजून कोमट होतं. ती खाली बसली आणि एकटीच हसायला लागली. केलं होतं की. सगळं नीट केलं होतं.

मग तिला चिमटा दिसला. तो उजवीकडच्या खिळ्याला टांगलेला होता. हिसानो डावखुरी. चाळीस वर्षं चिमटा डावीकडेच टांगलेला असतो.

"डावीकडे टांगता होय तुम्ही?" कोपऱ्यातल्या अंधारातून योशिएचा आवाज आला. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, हातात किल्ली. शेजारच्या घराची एक किल्ली आपल्याकडे ठेवायची, ही गल्लीची रीत. भांडण झालं तरी ती कुणी परत केली नव्हती. "दरवेळी चुकतंय माझं."

"दरवेळी?"

"आजची चौथी. मडक्याच्या झाकणाचा आवाज न येता तुम्ही निघालात, की मी येते."

आगीची भीती बरी, आगीवर पाणी तरी ओतता येतं.

"गल्लीत कुणाला सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगायचं असतं तर पहिल्याच वेळी सांगितलं असतं." योशिए किल्ली या हातातून त्या हातात घेत राहिली. "कावाबे-सानच्या वेळी तुम्ही बोललात ना, तेव्हा सगळ्यात जोरात मान मी हलवली होती. भीती वाटत होती मला. माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून हलवली."

हिसानोने उठून चिमटा डावीकडच्या खिळ्याला टांगला.

"म्हटलं, आज हे तुम्हाला समोरासमोर सांगायचंच. म्हणून बसून राहिले. दोन वाजल्यापासून बसलेय इथे, तुमची वाट..."

ती थांबली.

"दोन वाजल्यापासून," ती पुन्हा म्हणाली, हळू. मग दोघींमधल्या लाकडी भिंतीकडे तिने पाहिलं. "अहो, माझे सोयाबीन गॅसवर आहेत."

मघापासून येणारा वास वांग्याचा नव्हता.

योशिए अनवाणीच धावली. तिच्यामागे हिसानो. दारातून बाहेर पडताना तिने एक बादली उचलली. कुणाची, ते पाहिलं नाही.